मानवतची वाट आणि अमोल पालेकर

धर्मापुरीला आलेल्या पाहुण्याला आपण केदारेश्वर मंदिरावरील शिल्पे दाखवतो, किल्ला दाखवतो आणि निरोप देतो. परळी ओलांडून, गोदावरी पार करून मानवतला जा असे त्याला कोणी सांगत नाही. १९७२ ते १९७४ या काळात तेथे कोवळ्या मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनाची हाव आणि अपत्याची आस यांपायी हे बळी दिले गेले, असे तपासातून पुढे आले. मराठवाड्याच्या या जखमेकडे कॅमेरा वळवला तो मुंबईच्या एका लोकप्रिय नटाने. ‘आक्रीत’ हा अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९८१ सालचा. पटकथा विजय तेंडुलकरांची.

पालेकरांचा त्या वेळचा लौकिक लक्षात घेतला म्हणजे या निवडीचे मोल कळते. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ व ‘चितचोर’ (१९७६) आणि ‘गोलमाल’ (१९७९) यांमुळे ते घराघरांत पोहोचले होते. बसच्या रांगेत उभा राहणारा, साहेबाला भिणारा, सज्जन कारकून म्हणजे पालेकर, असे समीकरणच झाले होते. अशा नटाने तीच भूमिका जन्मभर केली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी ‘आक्रीत’मध्ये स्वतःकडे घेतली ती गावातील बड्या असामीची, ज्याच्या आश्रयाने हे अघोर घडते. नँट येथील महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

मुळात ते चित्रकार. जे. जे. कलाशाळेत शिकलेले, काही काळ बँकेत नोकरी केलेले. सत्यदेव दुबे यांच्याबरोबर प्रायोगिक रंगभूमीवर त्यांची घडण झाली आणि १९७२ मध्ये त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. सिनेमातील प्रसिद्धी नंतरची. म्हणून ‘नट दिग्दर्शक झाला’ असे म्हणण्यापेक्षा ‘चित्रकार आपल्या घरी परतला’ असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

१९८५ चा ‘अनकही’ चि. त्र्यं. खानोलकरांच्या नाटकावरून घेतला आहे. पहिली पत्नी बाळंतपणात दगावेल या भविष्याला भिऊन एक तरुण दुसऱ्याच एका भोळ्या मुलीशी लग्न करतो. मानवतमध्ये शस्त्र होते, येथे पंचांग आहे. दोन्हीकडे आपल्या गरजेसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लागतो. अंगारे-धुपारे आणि करणी यांच्या तक्रारी घेऊन आपल्या कुटुंबांतूनही माणसे माझ्याकडे येतात, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरून ‘बनगरवाडी’ (१९९५), जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरून ‘कैरी’, आणि विजयदान देथांच्या कथेवरून ‘पहेली’ (२००५). शेवटचा मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

परंतु ‘ध्यासपर्व’ (२००१) टाळून पुढे जाता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या जीवनावरील हा चित्रपट. संततिनियमनाच्या प्रचारामुळे कर्व्यांना १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ते कॉलेज ख्रिस्ती मिशनचे होते. कॅथॉलिक नसले तरी ‘ते आपले नव्हते’ असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कृत्रिम संततिनियमनाविषयी चर्चची शिकवण १९६८ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे आणि ती मी मानतो. तरीही वर्षानुवर्षे तोट्यात मासिक चालवणारा हा माणूस आणि त्याच्या ध्यासाची किंमत मोजणारी त्याची पत्नी मालती पडद्यावर पाहताना, मतभेद असलेल्या माणसाशी आपण कसे वागलो हा प्रश्न मनातून जात नाही. आपल्या युवकांना तो चित्रपट दाखवावा की नाही यावर मतभेद होतील. माझे मत, दाखवावा, आणि नंतर तासभर बोलावे.

२०१९ मध्ये, पंचाहत्तरीत, पालेकर ‘कुसूर’ या हिंदी नाटकातून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. २०२४ मध्ये त्यांचे ‘ऐवज’ हे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी इंग्रजीत ‘व्ह्यूफाइंडर’.