कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य : अधिकारक्षेत्राचा इतिहास

महाराष्ट्र राज्याच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील संरक्षित वनक्षेत्र. हे अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या मुख्य रांगेत असून क्षेत्रफळ ३६१·७१ चौ. किमी. आहे. कळसूबाई (१,६४६ मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर त्यात मोडते. राज्य शासनाने १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित केले. तथापि त्यावरील अधिकार केवळ राज्याचा नाही.

अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान (स्थापना १८७२) संघशासनाच्या अनन्य अधिकाराखाली आहे. भारतात मात्र अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने सामान्यतः राज्य शासन घोषित करते आणि त्यांचे व्यवस्थापन राज्याचे वनखाते पाहते. मूळ संविधानात वने आणि वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण हे विषय राज्यसूचीत होते. त्यामुळे संसदेला १९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम अनुच्छेद २५२ अन्वये, अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतरच करता आला. महाराष्ट्राने तो नंतर स्वीकारला. अशा अधिनियमात बदल करण्याचा अधिकार संसदेकडेच राहतो. म्हणजेच राज्याने स्वेच्छेने दिलेली संमती त्यालाच बंधनकारक ठरली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आले. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यास केंद्राची पूर्वमान्यता आवश्यक केली.

अभयारण्याच्या सीमांबाबतही हाच प्रवाह दिसतो. १९९१ च्या दुरुस्तीने सीमाबदलासाठी राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक केला. २००२ च्या दुरुस्तीने त्याऐवजी राष्ट्रीय वन्य जीव मंडळाची शिफारस आवश्यक झाली.

या परिसरात महादेव कोळी, ठाकर इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. शेती, गुरचराई, हिरड्यासारख्या वनोपजांची वेचणी यांवर त्यांची उपजीविका अवलंबून असल्याने अधिकारक्षेत्राचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक नाही. तालुक्यातील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने अभयारण्यांतीलही वनहक्कांना मान्यता देऊन हक्कनिश्चितीची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. तसेच वन्य जीवांच्या संकटग्रस्त अधिवासातून पुनर्वसन करावयाचे झाल्यास तिची लेखी संमती आवश्यक मानली. अशा प्रकारे केंद्र आणि राज्य यांच्या बरोबरीने गावालाही या वनाविषयीच्या निर्णयप्रक्रियेत वैधानिक स्थान मिळाले आहे.