अमेरिकेंतील लांकडी फसवीं बदकें : घडणीचा पुरावा

शिकाऱ्यानें पाण्यावर तरंगत ठेवावयाचें व खऱ्या बदकांस भुलवून खालीं उतरविणारें खोटें बदक हें इतिहासाचें साधन होऊं शकतें काय, असा प्रश्न संग्राहक वाचकांस पडेल. आमच्या मतें होऊं शकतें; मात्र तें वाचण्याची रीत पोथीचीच आहे.

युक्ति प्राचीन आहे. नेवाडा संस्थानांतील लव्हलॉक गुहेंत इ. स. १९२४ त अशीं ११ बदकें सांपडलीं. तीं लव्हाळ्यांच्या जुड्या वांकवून बांधलेलीं असून सुमारें २००० वर्षांपूर्वींचीं ठरलीं आहेत. लांकडी बदकांची भरभराट मात्र १९ व्या शतकांतली. पक्षी मारून बाजारांत विकण्याच्या धंद्यास १९१८ च्या कायद्यानें आळा बसला आणि हीं बदकें हळूहळू संग्राहकांकडे आलीं.

आतां घडण पाहूं. डोकें बहुधा निराळ्या लांकडाचें असे. कारण लांकडाचे धागे चोंचीच्या लांबीस धरून नसले तर चोंच मोडते. धड कुऱ्हाडीनें तासून, दोन्ही हातांनीं ओढावयाच्या सुरीनें गोलावून, कानशीनें साफ करीत. न्यू जर्सींत दोन तुकडे आंतून कोरून पोकळ धड जोडीत. चेसापीक उपसागराच्या उत्तर भागांत तें भरीव ठेवीत. अर्थात् कारागिराचें नांव नसलें तरी प्रांत पुष्कळदां कळतो.

खिळेहि बोलतात. तारेचे गोल खिळे १८९० च्या सुमारास सर्रास झाले; तत्पूर्वीं पत्र्याचे कापीव चौकोनी खिळे चालत. क्ष-किरणांनीं ते न फोडतां दिसतात. परंतु मानेंतील एका गोल खिळ्यावरून सबंध बदक अर्वाचीन म्हणणें, म्हणजे पोथीच्या ठिगळावरून तिचा लेखनकाल ठरविणें होय. खिळा दुरुस्तीचाहि असूं शकतो.

मॅसॅच्युसेट्समधील एल्मर क्रॉवेल (१८६२–१९५२) बुडाशीं लंबगोल डाग देई. त्याचे दोन पक्षी २००७ त प्रत्येकी ११ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेले. जेथें एवढें मोल, तेथें केवळ मुद्रेवर विसंबणें धोक्याचें. मुद्रा आणि घडण यांचा मेळ बसलाच पाहिजे.

शेवटीं रंग. शिकारी स्वतःच बदकें पुन्हां रंगवीत, म्हणून वरचा थर हाहि इतिहासच. आमच्या पाहण्यांतील एका पोथीचीं पुसट अक्षरें मालकानें भक्तिभावानें नव्या शाईनें गिरविलीं आणि मूळ पाठ कायमचा बुडाला. लांकूड असो वा कागद, जीर्णास नवें करण्याचा मोह संग्राहकांनीं आवरावा, इतकीच आमची विनंति.