जकातीचा नाका आणि लहान नगराचे स्वराज्य

इ. स. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि उदीम-धंद्यांवरील जुने कर रद्द केले. पेठांतील कारागीर व दुकानदार यांना मोहतर्फ्यातून मिळालेली ही सुटका फार काळ टिकली नाही. अवघ्या सहा वर्षांनी, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, गावाची स्वच्छता, रस्ते व दिवाबत्ती यांसाठी तेथील रहिवाशांनी अर्ज केल्यास नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली. हिंदुस्थानच्या अन्य भागांत हा कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. मुंबई इलाख्यात मात्र त्याचा पुष्कळ उपयोग झाला. याचे एक कारण करपद्धतीत सापडते. या कायद्याखाली घरपट्टी बसविता येत असे, तशीच जकातही बसविता येत असे. आणि आपल्याकडील नगरांनी सामान्यतः जकातीलाच पसंती दिली. सरकारने वरच्या दाराने काढून टाकलेला कर नगराच्या वेशीतून परत आला असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

जकात लोकांना परिचित होती आणि ती थोड्याथोड्या प्रमाणात द्यावी लागे, असे तिचे समर्थन करण्यात येई. ते खोटे नाही. नाक्यावर बैलगाडी थांबावी, नाकेदाराने धान्य, तूप, गूळ, सरपण किंवा इमारती लाकूड पाहून आकार घ्यावा, पावती फाडावी आणि गाडी पुढे जावी, एवढाच तो व्यवहार. माल गावात न खपता बाहेर गेला तर परतावा मागता येई, निदान नियमात तरी तशी सोय असे. घरपट्टीची गोष्ट वेगळी होती. तिच्यासाठी प्रत्येक घराची किंमत ठरवावी लागे, हरकती ऐकाव्या लागत, आणि त्या ऐकणारे सभासद स्वतःच बहुधा गावातील मोठ्या वाड्यांचे धनी असत. स्वतःच्या वाड्याची आकारणी वाढविण्यापेक्षा नाक्यावरील दरात किंचित वाढ करणे त्यांना सोयीचे वाटावे, यात नवल नाही. बंगाल व मद्रास इलाख्यांत नगरपालिकांचा भार घरांवरील व मालमत्तेवरील करांवर अधिक होता. आपल्याकडे तो बाजारातील मालावर राहिला.

येथे एक विसंगती उत्पन्न झाली आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १८७३ च्या कायद्याने दोन हजारांवर वस्तीची गावेही नगरपालिकेच्या कक्षेत येऊ शकली. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर झालेल्या १८८४ च्या कायद्याने निम्मे तरी सभासद लोकनियुक्त असावेत असे ठरले. परंतु मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता व प्रत्यक्ष कर यांच्याशी निगडित होता. जकात मात्र प्रत्येक गिऱ्हाईक भरीत असे. कारण व्यापारी ती मालाच्या किमतीत मिळवून घेई. पावशेर गूळ विकत घेणारी मजूर स्त्री नगराच्या तिजोरीत भर घालीत होती, पण मतदारयादीत तिला स्थान नव्हते. बाजारहाटासाठी येणाऱ्या खेडुताचीही तीच स्थिती. तिजोरी सर्वांच्या पैशाने भरावी आणि तिचा विनियोग थोड्यांनी ठरवावा, असा हा कारभार होता.

याचा प्रत्यय कुलाबा जिल्ह्यातील महाड या सावित्रीकाठच्या लहानशा नगराच्या इतिहासात येतो. तेथील नगरपालिका १८६६ मध्ये स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना मोकळे असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरी राहिला. सवर्ण रहिवाशांच्या विरोधामुळे पाणी मात्र कोणाला भरता आले नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे काही सवर्ण कार्यकर्ते सुधारणेच्या बाजूचे होते, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परिषदेतील अनुयायांसह तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला.

ठराव करणे आणि तो रद्द करणे ही दोन्ही कृत्ये कायदेशीर स्वराज्य संस्थेचीच होती, आणि प्रश्नाचे मर्म येथेच आहे. ‘गाव’ म्हणजे कोण, याचे उत्तर मतदारयादीने आधीच देऊन ठेवले होते. पुढे हे तळे ‘चौधरी तळे’ असून त्यावर अस्पृश्यांचा हक्क नाही, असा दावा काही सवर्ण रहिवाशांनी लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अस्पृश्यांना वगळणारी वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय मार्च १९३७ मध्ये मिळाला. ज्या गोष्टीचा निकाल नगराच्या सभागृहात लागावयाचा, ती दहा वर्षे न्यायालयात राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रौढ मतदानाने ही विसंगती दूर झाली. प्रत्येक गिऱ्हाईक मतदारही झाले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने निरनिराळे कायदे एकत्र आणले आणि मुख्याधिकारी, सभा व अर्थसंकल्प यांची आजही ओळखीची असलेली घडी बसविली. मात्र उत्पन्नाची बाजू पुढे फिरली. १९९९ मध्ये राज्य शासनाने नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द करून तिच्या बदल्यात अनुदान देण्याची व्यवस्था केली. नाक्यांवर होणारा खोळंबा आणि गैरव्यवहार लक्षात घेता जकात जावी, असे अनेकांचे मत होते आणि ते चूक म्हणता येणार नाही.

तथापि नाका उठला तेव्हा नगराच्या हाती स्वतःचे असे मुख्य साधन घरपट्टीच राहिले, म्हणजे दीडशे वर्षे जे टाळले तेच. तिची चतुर्थ वार्षिक आकारणी आली की हरकतींचे अर्ज कचेरीत येऊन पडू लागतात. दर वाढविणारा सभासद आपल्याच मतदारांना अप्रिय होतो. न वाढवावा तर गटारे आणि पाणीपुरवठा यांसाठी शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागते. १८८४ मध्ये मताचा हक्क थोड्यांना होता, पण पैसा गावातच जमे. आज मत सर्वांना आहे, आणि अर्थसंकल्पाचा आकडा ठरविताना नगराध्यक्षांना पहिला प्रश्न पडतो तो मुंबईहून हप्ता केव्हा येणार हा.