डालगं गेलं आणि मांजर आलं

गेल्या पंधरवड्यात पंचवीस पिल्लांतली नऊ गेली. शेजारच्या आळीतला बोका. सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळा झालो असतो, पण आईनं एकच विचारलं, "डालली होतीस का?" मी म्हटलं, जाळी हाय की. त्यावर ती काहीच बोलली नाही.

"कोंबड्या डालणं" हा शब्द आमच्या वाळवा-कराड भागात पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला लागत नाही. दिवेलागणीला कोंबड्या अंगणात आल्या की त्यांच्यावर डालगं पालथं घालायचं आणि वर दगड ठेवायचा. पिल्लांची कोंबडी असली तर तिला वेगळं डालगं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण आपण पुढाऱ्यांना ऐकवतो. त्यातलं झाकणं ते हेच. विणीला फटी असतात, त्यामुळं वारा खेळतो, पण पिल्लापर्यंत पंजा जात नाही. दगडाच्या वजनानं तोंडही उचलत नाही.

आता मांजराचं. ते आपल्या घरात आलं धान्यासाठी. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, म्हणजे शेती सुरू झाली तशी ही जोडी जमलेली. कोंबडीचंही तसंच. थायलंडमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं मिळाली, त्यावरून २०२२ साली संशोधकांनी मांडलं की रानकोंबडी गावाजवळ आली ती शेतातल्या दाण्यामागं. म्हणजे दोघांना बोलावणारा दाणाच. आपल्याकडं तो कणगीत असायचा. कणगी विणलेली, वरून शेणानं सारवलेली. उंदीर ती कुरतडायचे म्हणून मांजर हवं, आणि मांजर आहे म्हणून डालगं हवं.

कणगी काय न् डालगं काय, विणणारे हात बहुतेक एकच. बांबूचं काम बुरुडाचं. तरवड, तुरीच्या काट्या, कपाशीच्या पराट्या यांचं काम कैकाडी करायचे. गाढवावर बिऱ्हाड टाकून गावाबाहेर उतरायचे, विणायचे, दाण्यावर माल द्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं कैकाडीही त्या यादीत गेले. टोपली विणणाऱ्या माणसाला पोलिसांत हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला, निदान कागदावर. आपल्या फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आयुष्य ज्यांना बघायचंय त्यांनी ते वाचावं. ज्यांच्या डालग्यानं आपल्या आज्यांच्या अंड्याचा पैसा राखला, त्यांना गावानं वेशीबाहेरच ठेवलं, हेही या इतिहासातच येतं.

मग प्लास्टिक आलं. बुट्टी गेली, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली. डालगं कधी गेलं ते कुणाच्या ध्यानातही नाही.

त्याच काळात कोंबडीही बदलली. गावरान कोंबडी अंड्यावर बसायची, तीन आठवड्यांनी पिल्लं काढायची आणि मांजर दिसलं की पंख फुगवून अंगावर जायची. मोठी झालेली कोंबडी रात्री शेवग्यावर बसायची. आता आपण बंगळूरला तयार झालेली गिरिराज, हैदराबादची वनराज आणतो. पक्षी चांगले आहेत, अंडी आणि वजन दोन्ही देतात. पण यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई नसते आणि वजनदार कोंबडी झाडावर चढत नाही. पिल्लाला राखणारी आई आणि झाकणारं डालगं दोन्ही एकदमच गेली. बोका मात्र होता तसाच आहे.

बोकाच असतो असंही नाही. कृष्णाकाठी ऊस पसरला, त्यात उंदीर वाढले आणि त्यांच्यामागं रानमांजरालाही लपायला जागा मिळाली. पिल्लू गायब आणि चार पिसं पडलेली असतील तर मांजराचा संशय घ्या. बरीच मारून जागेवर टाकली असतील तर मुंगूस बघा.

रागाच्या भरात कुणी मला विषाची गोळी सुचवली. ते करू नका. पाळीव मांजराला १९६० चा प्राणी क्रूरता कायदा आहे, रानमांजराला १९७२ चा वन्यजीव कायदा. आणि मांजर गेलं की कोठीतले उंदीर कोण बघणार? शिवाय शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं ते वेगळंच.

माझी चूक जाळीत होती. मोठ्या भोकाची कोंबडीजाळी लावली होती. कोंबडी आत राहते, पण मांजराचा पंजाही आत जातो. आता खाली दोन फूट अर्ध्या इंचाची जाळी दुहेरी लावली, वरूनही बंद केलं, कारण मांजर चढतं. दार अंधार पडायच्या आधी लावतो. पिल्लं दोन महिन्यांची होईतो रात्री मोकळी नाहीत.

आईला हे पटलंय, पण निम्मंच. आठवडी बाजारात एक म्हातारी अजून डालगी विणते असं कळलं म्हणून गेलो. तिनं पहिला प्रश्न केला, "पिल्लांसाठी का मोठ्यांसाठी?" पिल्लांसाठी म्हटल्यावर म्हणाली, मग वीण दाट घालावी लागंल, तुरकाट्या तुमीच आणून द्या. यंदाच्या तुरीच्या काट्या बांधावर पडूनच आहेत. पुढच्या बाजारी घेऊन जातो.