रस्ता धरणारी मोटार



मोटारीचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण बहुधा वेगाचा इतिहास सांगतो. कोणती गाडी ताशी किती धावली, कोणी कोणाला मागे टाकलं, यातच सारा वेळ जातो. खरे पाहता सरळ रस्त्यावर गाडी पळवायला फारशी अक्कल लागत नाही. गाडीची परीक्षा होते ती वळणावर. बैलगाडी हाकणाऱ्याला हे मी सांगायला नको. उसाने मावेल तेवढी भरलेली गाडी सपाट वाटेने निमूट चालते. पण वळणावर एक चाक दगडावर चढलं, की ऊस एकीकडे आणि बैल दुसरीकडे. त्याच वळणावरून हलकी दमणी बैल पळवत नेता येते. ओझे किती, ते किती उंचावर, आणि चाके जमिनीला किती धरून आहेत, एवढ्यावर सगळे ठरते.

मग प्रश्न असा, की उंची, महागड्या मोटारीतला माणूस आणि साध्या घरगुती मोटारीतला माणूस यांच्यात वळणावर अधिक सुरक्षित कोण? वाटतं तितकं हे उत्तर सोपं नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते दोन-तीनदा पालटले आहे.

आरंभी दोघेही सारखेच होते म्हणा ना. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाजारात आली. शेतकऱ्याला आणि गावच्या डॉक्टरला परवडेल अशी ही मोटार. १९२७ पर्यंत तिचे दीड कोटींवर नग निघाले. त्याच काळात इंग्लंडात रोल्स-रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' राजेरजवाड्यांच्या पदरी होती. आपल्याकडच्या संस्थानिकांनीही ती हौसेने मागवली. किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर. पण दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं तर पुढे एक अखंड आस आणि तिच्यावर कमानपाटे, बैलगाडीच्या आसाचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती! एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही कलावे लागे. श्रीमंताच्या गाडीत गादी मऊ, यंत्र निःशब्द, कारागिरी अप्रतिम. वळणावर मात्र तिचे दीड-दोन टन वजन तिच्याच अंगावर येई. फोर्ड हलकी आणि उंच टाचांची, म्हणून ती शेतातून, चिखलातून निघून जाई. हादरे बसायचे ते बसणाऱ्याच्या पाठीला.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत एक नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. मॉरिस ऑले हा इंग्रज अभियंता. रोल्स-रॉइसचा अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे एक कारखाना होता, तिथे तो काम करी. १९३० साली तो डेट्रॉइटला कॅडिलॅक कंपनीत गेला. तिथे त्याने सात माणसांची एक लांबलचक मोटार घेतली. तिच्या पुढे आणि मागे वजने ठेवण्याची सोय केली आणि ती वजने इकडून तिकडे सरकवून गाडी चालवून पाहिली. गाडीची चाल मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. बसणाऱ्याला विचारायचे, आता कसे वाटते? पुन्हा वजन हलवायचे, पुन्हा विचारायचे. शिक्षकबंधूंनी ही रीत ध्यानात घ्यावी. प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग अडत नाही.

त्यातून निघाले ते असे. गाडी डोलू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ हव्यात. पण पुढे अखंड आस ठेवून स्प्रिंगा मऊ केल्या की चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणजे पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून सुटी करणे भाग होते. एकाने खड्डा सोसावा, दुसऱ्याला त्याची खबरही नसावी. १९३४ साली कॅडिलॅकमध्ये ही रचना आली, आणि त्याच कंपनीसमूहाच्या शेव्हरोले या साध्या मोटारीच्या वरच्या प्रकारातही, थोड्या निराळ्या रूपात, त्याच वर्षी आली. फोर्ड मात्र हटून बसला. १९४८ पर्यंत त्याने अखंड आस सोडली नाही.

ऑले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोटारींचे दोन स्वभावही ओळखले. रबरी टायर वळताना किंचित तिरका सरकतो. पुढचे टायर जास्त सरकले तर गाडी हट्टी होते. वळवली तरी सरळ जाऊ पाहते. मागचे जास्त सरकले तर ती उतावीळ. सांगितले त्याहून अधिक वळते आणि शेपूट बाहेर फेकते. घाबरलेला नवखा माणूस पाय काढून घेतो. हट्टी गाडी त्याने बहुधा ताळ्यावर येते, उतावीळ गाडी मात्र त्यानेच गरकन फिरू शकते. तेव्हापासून घरगुती गाड्या थोड्या हट्टीच ठेवण्याकडे कारखानदारांचा कल राहिला. पोरंबाळं घेऊन जाणाऱ्याला तेच बरे.

आता एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. मऊ चाल हे बसणाऱ्याचे सुख, आणि रस्ता धरणे हा हाकणाऱ्याच्या कामाचा गुण. हे दोन्ही एक नव्हेत. महायुद्धानंतर अमेरिकेतील धनिकांच्या गाड्यांनी पहिल्यासाठी दुसरा विकला, असे माझे मत आहे. १९५१ साली क्रायस्लरच्या 'इंपीरियल' गाडीत तेलाच्या दाबावर फिरणारे स्टिअरिंग आले. एका बोटाने दोन टनांची गाडी वळू लागली. पण चाकाखाली काय चालले आहे, याची बातमी हाताला पोहोचेनाशी झाली. गाडी झाली पलंगासारखी. पलंगावर बसून वळण घ्यायचे म्हणजे कठीणच.

याच सुमारास फ्रान्समध्ये एकाच कंपनीने दोन टोकांच्या दोन गाड्या काढल्या, आणि तुलनेला याहून चांगली जोडी मला तरी ठाऊक नाही. कंपनी सित्रोएन. पहिली गाडी शेतकऱ्यासाठी. कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांची अट सांगतात ती अशी, की अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि एक अंडे फुटू नये. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या पत्र्याला आणि छत्रीसारख्या कापडी टपाला लोक हसले. इंजिन एवढेसे, वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. फ्रेंचांनी नावच ठेवले 'दोन घोडे'. पण तिच्या पोटाखाली एक चलाखी होती. प्रत्येक बाजूचे पुढचे आणि मागचे चाक स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेले. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की जोडणी मागची बाजूही उचलून धरी, म्हणून गाडी डोके आपटत नसे. वळणावर ती इतकी कलायची की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा; पण चाके जमीन सोडत नसत, आणि ती उलथवणे सोपे नव्हते. गाडी कलणे वेगळे आणि गाडी घसरणे वेगळे, हे या गरीब गाडीने शिकवले. १९९० पर्यंत ती निघत होती.

दुसरी गाडी १९५५ ची, 'डी. एस.'. ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये एकापुढे एक उच्चारली की 'देवी' असा शब्द होतो. पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या घरात मागणी नोंदली गेली. हिला पोलादी स्प्रिंगाच नाहीत. प्रत्येक चाकाला एक गोळा, त्यात वर वायू आणि खाली तेल. वायू दबतो आणि स्प्रिंगेचे काम करतो. तेल कमी-जास्त करून, माणसे कितीही बसोत, गाडी एकाच उंचीवर राहते. इथे श्रीमंताच्या गाडीत मऊ चाल आणि रस्ता धरणे ही दोन्ही प्रथमच एकत्र नांदली म्हटले तरी चालेल. तिची कसोटी १९६२ च्या २२ ऑगस्टला लागली. पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डी. एस. गाडीवर मारेकऱ्यांनी शंभरावर गोळ्या झाडल्या. दोन टायर फुटले. तरीही चालकाने वेग न सोडता गाडी बाहेर काढली. द गोल आणि त्यांच्या पत्नी दोघेही सुखरूप राहिले.

इंग्लंडची कथा थोडक्यात सांगतो. अॅलेक इसिगोनिस याची १९४८ ची 'मॉरिस मायनर' आणि १९५९ ची 'मिनी' या दोन्ही सामान्यांच्या गाड्या. मायनर अरुंद दिसते म्हणून त्याने नमुन्याची गाडी उभी कापायला लावली आणि मध्ये चार इंच वाढवले. बंपर आधीच तयार होते, त्यांना मध्ये पट्टी जोडावी लागली! दिसण्यासाठी वाढवलेली ही रुंदी वळणावरही कामी आली. मिनीची लांबी दहा फूट, चाके दहा इंचांची, स्प्रिंगांच्या जागी रबर. चाके अगदी चार कोपऱ्यांना असल्याने ती वळणावर जमिनीला चिकटून जाई. १९६४, १९६५ आणि १९६७ साली बर्फाळ डोंगरांतली मॉन्टे कार्लोची शर्यत तिने जिंकली. १९६४ साली लहान इंजिनाला गुणांची सवलत होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण घाटात मागे पडली असती तर नुसत्या सवलतीने काय साधलं असतं?

मायनरच्याच घराण्यातली 'मॉरिस ऑक्सफर्ड' आपल्याकडे 'अँबेसडर' होऊन आली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट बने. तीच पुढे 'पद्मिनी' झाली. कितीतरी वर्षे आपल्याकडे मंत्र्याची मोटार आणि टॅक्सी एकच होती, त्यामुळे ही तुलना करण्याचा प्रसंगच आपल्यावर फारसा आला नाही. घाटात मंत्री आणि उतारू सारखेच कलत.

१९९५ साली जर्मनीत मर्सिडिस-बेंझच्या सर्वांत महागड्या गाडीत एक नवे साधन बसले. त्याला 'ई. एस. पी.' म्हणतात. स्टिअरिंग किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, हे ते सतत ताडून पाहते. दोन्हींत फरक पडला की ते एखाद्याच चाकाला आपणहून ब्रेक लावून गाडी वाटेवर आणते. ऑलेने ओळखलेल्या हट्टी आणि उतावीळ अशा दोन्ही स्वभावांवरचा हा लगाम. पण तो बांधला गेला श्रीमंताच्याच गाडीला.

दोन वर्षांनी त्याच कंपनीने 'ए क्लास' ही छोटी कुटुंबाची गाडी काढली. लांबीला आखूड आणि उंच. आत माणसे वर बसत. स्वीडनमध्ये एल्क नावाचे मोठे हरीण रात्री-बेरात्री रस्त्यावर येते. त्याला चुकवण्यासाठी गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच परत वळवावी लागते. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाच्या मंडळींनी या गाडीची तशी परीक्षा घेतली आणि गाडी उलटली. उसाच्या बैलगाडीचा तोच न्याय! आधी कंपनीने दोष मानला नाही. वृत्तपत्रांतून खिल्ली सुरू झाली. ज्या पूर्व जर्मन 'ट्राबांट'ला सारे हसत, तिने ही परीक्षा सहज पार केल्याचे छापून आले. अखेर विक्री थांबवावी लागली. स्प्रिंगा आणि टायर बदलले गेले, आणि दोन वर्षांपूर्वी केवळ धनिकांसाठी असलेली ई. एस. पी. या लहान गाडीत जादा पैसे न घेता बसवण्यात आली.

मासिकाने परीक्षा छापली नसती तर हे साधन वरून खाली यायला किती वर्षे लागली असती कोण जाणे. पुढे सरकारांनी हात घातला. अमेरिकेत २०१२ च्या नमुन्यांपासून सर्व घरगुती मोटारींना ते सक्तीचे झाले. युरोपात नोव्हेंबर २०११ पासून नव्या नमुन्यांना आणि नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला, मग ती बाजारातली सर्वांत स्वस्त का असेना.