मोटारीची कांति

मोटारगाडी घेणारा मनुष्य यंत्राची चौकशी करतो, इंधनाचा हिशेब विचारतो. परंतु त्याची दृष्टि प्रथम जाते ती रंगावर. हा रंग केवळ शोभेसाठीं नसतो. पोलादी पत्रा पाण्यापासून व हवेपासून दूर ठेवणें हें त्याचें मूळ काम. पत्र्याच्या रक्षणासाठीं रंग, रंगाच्या रक्षणासाठीं लेप आणि त्यावर आणखी एक आवरण, अशी परंपरा त्यांतून निर्माण झाली. तींत प्रत्येक पिढीला वाटलें कीं, आतां देखभालीची कटकट संपली. ती कधींच संपली नाहीं. तिचें रूप मात्र पालटत गेलें.

आरंभीच्या मोटारी रंगविण्याची रीत घोडागाड्यांच्या कारखान्यांतून आली. तैलरंगाचे व वार्निसाचे थर कुंचल्यानें चढवावयाचे, प्रत्येक थर वाळूं द्यावयाचा, घासून गुळगुळीत करावयाचा आणि मगच पुढचा द्यावयाचा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. १९१३ सालीं हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत सरकत्या साखळीवर गाड्या जुळूं लागल्या, तेव्हां ही संथ रीत अडचणीची ठरली. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगांत मिळे. तिच्या पुष्कळ भागांवरील काळें रोगण भट्टींत भाजून पक्कें करीत.

१९२० नंतर ड्यूपाँ कंपनीच्या रसायनज्ञांनीं नायट्रोसेल्युलोजपासून फवाऱ्यानें मारतां येणारें, झपाट्यानें वाळणारें रोगण सिद्ध केलें. ‘ड्युको’ हें त्याचें नांव. १९२३ सालीं जनरल मोटर्सची ओकलंड गाडी या रोगणाच्या निळ्या रंगांत लोकांपुढें आली. आठवड्यांचें काम तासांवर आलें. आपल्याकडे लाकडी सामानाला फवाऱ्यानें रंग देणारे कारागीर आजहि त्या कामास ‘ड्युको’ म्हणतात, तें याच नांवामुळें. मात्र ड्युकोची चमक उन्हानें मंदावे. ती परत आणण्यासाठीं घासावें लागे, आणि प्रत्येक घासणीबरोबर रंगाचा थोडा अंश झिजून जाई. म्हणून वर मेण चोळण्याची चाल पडली. ब्राझिलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळणारें कार्नोबा मेण यासाठीं नांवाजलें. परंतु ऊन-पावसांत तेंहि फार काळ टिकेना.

पुढें, विशेषतः १९८० नंतर, रंगावर निराळा पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या मोटारीची झळाळी ती याच थराची. त्याची जाडी सुमारें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा केसाहूनहि कमी. तो एकदां झिजला कीं पुन्हा रंग देण्यावांचून उपाय उरत नाहीं.

या नाजुक थराला पाठीराखा मिळाला तो युद्धभूमीवरून. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळूचा मार बसे. तो सोसण्यासाठीं पॉलियुरेथेनची चिवट पट्टी वापरांत आली. तीच पुढें शर्यतीच्या गाड्यांवर आणि नंतर घरगुती मोटारींवर आली. आजची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. उत्तम फिल्मवरील बारीक ओरखडे उष्णतेनें आपोआप भरून येतात. सिरॅमिक कोटिंगची जात निराळी. तो सिलिकायुक्त द्रवाचा लेप असून वाळल्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन उरतो. त्यावर पाणी पसरत नाहीं, थेंब होऊन ओघळतें. खडा अडविण्याचें बळ मात्र त्यांत नसतें. तें काम फिल्मचेंच.

हीं दोन्ही आवरणें देखभाल सोपी करतात, परंतु ती रद्द करीत नाहींत. लेपावरचा थेंब उन्हांत सुकला तर विहिरीच्या पाण्यांतील क्षारांचें पांढरें वलय मागें राहतें. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच टिपावी लागते. पक्ष्यांची विष्ठा तशीच राहूं दिल्यास आवरणावर डाग पडतो. पाण्याचा जोरदार झोत फिल्मच्या कडेवर जवळून मारल्यास कड सुटते, आणि तींत धूळ शिरते. सर्वांत मोठा शत्रु म्हणजे फडक्यांत अडकलेली वाळू. यास्तव एक बादली साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकें खळबळण्याची, सौम्य साबण आणि मऊ स्वच्छ कापड एवढें साहित्य पुरतें.

आपल्या शहरांत पहाटे एकाच बादलींत आणि एकाच फडक्यानें अनेक गाड्या पुसल्या जातात. आवरणासाठीं हजारों रुपये मोजणारा धनी गाडी पुसणाऱ्याला दुसरी बादली देत नाहीं, आणि ती कशासाठीं हवी हें सांगतहि नाहीं. मग ओरखडे उठले म्हणजे दोष त्याच्या माथीं जातो. वार्निसाच्या काळीं गाडीची कांति कारागिराच्या हातांत होती. आज ती रोज गाडी पुसणाऱ्याच्या हातांत आहे. त्याला स्वच्छ पाणी, चांगलें कापड आणि दोन समजुतीचे शब्द देणें, हा या महागड्या आवरणांच्या देखभालीचा सर्वांत स्वस्त भाग आहे.