म्हाळसा, बाणाई आणि दारचा वाघ्या

मुंबईहून आलेली वाट पनवेल मागे टाकून पळस्प्यास पोचली की तिला दोन फाटे फुटतात; एक कर्नाळ्याच्या सुळक्याखालून गोव्याकडे दक्षिणेस उतरतो, दुसरा खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जातो, आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या खंडोबाचा चांदीचा टाक पूजेत आहे अशा पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी कुटुंबांची जेजुरीची वाट हा दुसरा फाटा होय. जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८३० साली, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. परंतु हे दळणवळण केवळ यात्रेकरूंचे राहिले नाही. १८७९च्या मे महिन्यात वासुदेव बळवंत फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या रामोशांनी घाट उतरून पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली. फडक्यांचे जन्मगाव शिरढोण पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावर, तर रामोशांचे कुलदैवत जेजुरीचा मल्हारी, म्हणजे हाच खंडोबा. म्हणजे त्या रात्री पळस्प्यास जे शस्त्र घेऊन आले, ते आणि ज्यांची गावे लुटली गेली त्यांपैकी पुष्कळ जण, एकाच देवाचा भंडारा कपाळी लावणारे असले पाहिजेत.

देव्हाऱ्यातील त्या टाकाकडे बारकाईने पाहिले असता घोड्याच्या पायांशी एक कुत्रा आढळतो. तो भैरवाचा श्वान खरा; पण ज्या समाजात कुत्र्याने उंबरठा ओलांडला की घर विटाळले असे मानण्याची रीत होती, त्याच समाजात चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर कुत्र्याला घास घालण्याचा शिरस्ताही चालत आला आहे. पाळलेल्या कुत्र्याला वाद्याच्या ठेक्यावर नाचवून बक्षिसे देण्याची हौस विलायतेत पुष्कळ आहे, आणि बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनाने तिला स्पर्धेची प्रतिष्ठाही दिली आहे. मल्हारीच्या भक्तांनी क्रम उलटा केला: येथे माणूसच धन्याचा कुत्रा होऊन नाचतो.

त्या माणसाला वाघ्या म्हणतात. नवसाने देवास वाहिलेला मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी. वाघ्यांतही दोन भेद, संसार सांभाळून वारापुरती भिक्षा मागणारा घरवाघ्या आणि सारे सोडून भिक्षेवरच जगणारा दारवाघ्या. गळ्यात व्याघ्रचर्माची भंडारी, हाती कोटंबा. आणि देवापुढे तो कुत्र्यासारखा भुंकत असे, कोटंब्यातील अन्न कुत्र्यासारखे तोंड घालून खात असे, याची वर्णने इंग्रजी अमदानीतील लेखनात अनेक आहेत. कर्नाटकात मैलाराचे, म्हणजे तिकडच्या खंडोबाचे, भक्त असलेले गोरव तर दूध-केळ्यांनी भरलेल्या दोणींभोवती गुरगुरतात, एकमेकांवर धावून जातात आणि त्या झटापटीतच आपला वाटा उचलतात. एका धन्याच्या दारी वाढलेल्या श्वानांची भाऊबंदकीच ती.

परंतु खरी भाऊबंदकी धन्याच्या घरात आहे. त्याची थोरली बायको म्हाळसा, नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची कन्या. तिचे लग्न पाली येथे पौष पौर्णिमेस लागले, आणि तो सोहळा सातारा जिल्ह्यातील त्या गावी दरसाल होतो. धाकटी बाणाई, चंदनपुरीच्या धनगराची लेक. सारीपाटात म्हाळसेशी हरलेल्या देवाला बारा वर्षांचा वनवास घडला. त्या काळात तो बाणाईच्या बापाकडे मेंढक्या म्हणून चाकरीस राहिला, आणि एके दिवशी सारी मेंढरे मारून, मुलगी देण्याच्या बोलीवर त्याने ती पुन्हा उठवली. जेजुरीच्या गडावर परतला तो दुसरी बायको घेऊन. म्हाळसेने धनगरणीचे खाणे, तिच्या अंगाचा मेंढरांचा वास, तिची जात काढली. बाणाईने उलट विचारले, की तुझा नवरा माझ्या बापाच्या दावणीला चाकर होता हे विसरलीस काय. निवाडा करणे देवासही जमले नाही. त्याने जागेची वाटणी केली. म्हाळसा त्याच्याजवळ गाभाऱ्यात राहिली आणि बाणाईला गडाच्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत, वेगळे देऊळ मिळाले. ते आजही तेथे आहे. त्या गडाचा कोट बांधविणारे होळकर स्वतः धनगर होते; थोरलीचा संसार ज्या भिंतींच्या आत चालला, त्या भिंती धाकटीच्या माहेरच्यांनी उभ्या केल्या, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

घरातील लग्नकार्यानंतर भक्तांकडे जे जागरण घातले जाते त्यात ही सवतींची कटकट रात्र रात्र रंगते. चौक मांडलेला, घट बसवलेला, दिवटी पेटलेली. तुणतुण्यावर आणि दिमडीवर वाघ्या उभा, घोळ वाजवीत मुरळी फेर धरते, आणि दोघे मिळून म्हाळसेचे टोमणे व बाणाईचे प्रत्युत्तर गाऊन, नाचून दाखवितात. वाण्याच्या लेकीची कुचेष्टा आणि धनगराच्या लेकीची अवहेलना एकाच मुखाने, एकाच अंगणात, दोन्ही जातींच्या देखत करायची तर त्या मुखाला कोणतीही बाजू नसावी लागते. वाघ्याला ती नसते. कारण तो कुणाचा भाऊ नव्हे, कुणाचा मेहुणा नव्हे, धन्याचा कुत्रा आहे, आणि दोन्ही चुलींपाशी त्याला मुभा आहे. देवाचा प्रधान हेगडी हा म्हाळसेचा भाऊ मानला जातो; ही गाणी त्याच्याकडे सोपविली असती तर बाणाईची बाजू कधी ऐकूच आली नसती.

मुरळीची गोष्ट एवढी मोकळी नव्हती. देवाशी लग्न लावलेल्या मुलीस दुसरा पती करता येत नसे, आणि तिच्या नशिबी पुढे काय येई हे सर्वांना ठाऊक होते. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या चळवळीतून या प्रथेवर प्रहार केले. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि मुली वाहणे बेकायदा ठरले. मुलगे वाहण्याविषयी त्या कायद्यात काही नव्हते. माघी पौर्णिमेस कोळी मंडळी आजही पालख्या नाचवीत जेजुरीस जातात, जागरणे चालूच आहेत, आणि मुरळीची भूमिका आता जागरण पार्टीतील कलावंत मोबदला ठरवून करतात. त्यांची तारीख लग्नसराईत मिळणे मात्र कठीण असते.